लिफ्टच्या जागेतल्या तीन खोल्या

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना आधी विचारतात, “किती दिवस झाले?” ओळख जरा वाढली की विचारतात, “पैसे किती गेले?” पहिल्याचं उत्तर सगळ्याजणी थोडं कमी करून सांगतात, दुसऱ्याचं थोडं वाढवून. मीही तेच करायचे. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी ते ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, “काकू, तुम्ही एवढं बोलता, ते लिहून का काढत नाही? नव्या पेशंटना वाचायला देऊ. निदान माझं डोकं तरी कमी खाल.” म्हणून हे लिहायला घेतलं.

डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, त्यामुळे ते इथे सापडणार नाही. कंबर गेली तेव्हा तिच्याबरोबर आणखी काय काय गेलं, तेवढं सांगते. आणि चूक कोणाची होती तेही सांगते. माझी होती.

घर बांधताना

आम्ही हिंजवडीचे. कंपन्या आल्या तेव्हा आमची थोडी जमीन गेली, थोडी आम्ही बिल्डरला दिली, थोडी राहिली. आलेल्या पैशात बँकेच्या कर्जाची भर घालून यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, इमारत बांधायला काढली. कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलींना खोल्या भाड्याने द्यायच्या असं ठरलं. शेतकऱ्याच्या हातात एकदम पैसा आला की तो गाडी तरी घेतो नाहीतर इमारत तरी बांधतो. आम्ही इमारत बांधली म्हणून गावाने आम्हाला शहाण्यांत धरलं.

नकाशात लिफ्ट होती. मी नकाशा पुढ्यात घेतला आणि बोटाने मोजत बसले. लिफ्ट आणि तिच्यासमोरची मोकळी जागा धरली तर मजल्याला एक खोली निघत होती. मुलींचे तीन मजले, म्हणजे तीन खोल्या, दर खोलीत दोघी. मी म्हटलं, “तरण्याताठ्या पोरींना लिफ्ट कशाला पायजे? चढतील की जिना.”

हे म्हणाले, “आन आपण?”

“आपण काय म्हातारं झालोय?”

यांनी पुढे काही विचारलं नाही. आमच्या घरात हिशोब माझ्याकडे असतो. हे दहावीला गणितात राहिले होते आणि मी पास झाले होते, त्याचा फायदा मी तीस वर्षं उठवते आहे.

लिफ्ट गेली. मग लिफ्ट नसल्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या घराला भाडं कमी येणार हे लक्षात आलं, तेव्हा तो मजला आम्ही स्वतःला घेतला. तळमजल्यावर आपण राहावं असं यांना वाटत होतं. मला ती चैन वाटली. रस्त्यालगतच्या जागेत बसून मालकाने हवा खायची, आणि हप्ता कोण भरणार? तळमजला आम्ही एका मेसवाल्या नवराबायकोला दिला. त्या एका भाड्यातून कर्जाचा जवळजवळ सगळा हप्ता निघायचा. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

उसण

बारा खोल्या, चोवीस मुली. रोज जिना झाडून पुसायचा, आठवड्याला चादरी बदलायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या. हे म्हणायचे, “अगं, बाई ठेव कामाला.” मी म्हणायचे, ती महिन्याला एका खोलीचं भाडं घेऊन जाईल. बाईचे वाचलेले पैसे मी कमाईत धरत होते. त्यासाठी मी काय खर्ची घालत होते, ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा म्हटलं, उसण भरली. तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकलं. मग महिन्याला एकदा भरायला लागली, मग आठवड्याला. सकाळी उठताना पलंगाची कड धरून आधी एका कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडायचे, मग देवाचं नाव घेऊन उभं राहायचं. हे तोवर दूध आणायला गेलेले असायचे, तेव्हा त्यांना ते दिसलं नाही. दिसू नये अशी वेळ मीच साधत होते.

मी दुखण्यावर खर्च केला नाही असं मात्र नाही. मलमं झाली, तेलं झाली, कंबरेचा पट्टा झाला, एका हाडवैद्याकडे सहा फेऱ्या झाल्या, टीव्हीवर बघून मागवलेली गादी झाली. औषधाच्या दुकानातून दोन-दोन गोळ्या सुट्ट्या आणायचे, पूर्ण पाकीट घेतलं की आजारी असल्यासारखं वाटतं म्हणून. एकरकमी खर्च नको म्हणून तीन वर्षं चिल्लर खर्च केला. पुढे पूजाने, माझ्या मुलीने, आठवून आठवून त्याची बेरीज केली आणि मला दाखवली. त्यात एक एमआरआय आणि वर्षभराची कामवाली सहज बसली असती.

शेवटच्या दोन महिन्यांत डाव्या पायातली चप्पल जिन्यावर निसटायला लागली. मी चप्पल बदलली. नवीही निसटली, तेव्हा मी दुकानदाराला नावं ठेवली.

खुर्चीतून खाली

तिसऱ्या मजल्यावर ओल्या चादरींची बादली उचलायला वाकले आणि परत सरळ झालेच नाही. कंबरेतून डाव्या टाचेपर्यंत अशी कळ गेली की ओरडायलाही श्वास पुरला नाही. मी जिन्याच्या वळणावर बसले, मग आडवी झाले. श्रेया नावाची मुलगी घरून काम करत होती, ती कानातला हेडफोन तसाच ठेवून धावत आली.

“काकू, हलू नका हां. प्लीज. ट्विस्ट बिलकूल नको. मी ॲम्ब्युलन्सला कॉल करते.”

ॲम्ब्युलन्स आली, पण तिचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर वळेना. जिनाही मीच हातभर अरुंद करून घेतला होता. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत मला बसवलं, ओढणीने खुर्चीला बांधलं आणि चार मुली, ॲम्ब्युलन्सचा माणूस आणि हे, असे सगळे मिळून मला खाली न्यायला लागले. दर वळणावर खुर्ची कठड्याच्या वर उचलावी लागायची. दर वळणावर मी किंचाळत होते. ज्या मुलींना मी रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा दम द्यायचे, त्याच मला “अजून थोडंच, काकू” म्हणून धीर देत होत्या.

दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो तेव्हा श्रेया धापा टाकत म्हणाली, “काकू, सीरियसली, तुम्ही लिफ्ट का नाही लावली?”

मी यांच्याकडे बघितलं. हे घामाघूम झाले होते. त्यांना बोलता आलं असतं, तसा त्यांचा हक्कच होता. ते एवढंच म्हणाले, “चला, उचला.”

त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले

डॉक्टरांनी माझा एमआरआय दिव्यासमोर धरला आणि विचारलं, “डाव्या पायातली चप्पल निसटते का हो?”

मला रडूच आलं. कोणाला न सांगितलेली गोष्ट त्या माणसाने काळ्या कागदावरून वाचली होती. मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेली होती. पायाचा पंजा उचलला जात नव्हता. ऑपरेशन लवकर व्हायला हवं होतं, आणि होऊनही पंजा पहिल्यासारखा होईल अशी हमी ते देत नव्हते.

“तीन वर्षं काय केलंत?”

“काम केलं,” मी म्हटलं.

रक्त तपासलं तर त्यात साखर निघाली, तीही भरपूर. मी म्हटलं, शक्यच नाही, मी चहात साखर घालतच नाही. हे मागून म्हणाले, “गूळ घालतीय, साहेब. चांगला मुठीएवढा.” डॉक्टर हसले, पण साखर खाली येईपर्यंत चार दिवस ऑपरेशन थांबवलं. त्या चार दिवसांत मी सारखी पायाच्या अंगठ्याकडे बघायचे आणि त्याला हुकूम सोडायचे. तो ऐकायचा नाही. घरात माझा शब्द कोणी मोडत नाही, आणि आता माझाच अंगठा ऐकत नव्हता. त्या दिवसांइतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

श्रीमंती

रुग्णालयाने आगाऊ रक्कम मागितली. आमच्याकडे आजारपणाचा विमा नव्हता. एकदा एक विमावाल्या बाई घरी येऊन गेल्या होत्या. चार मजले चढून आल्या म्हणून मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, “आमची जमीन हाय की. तोच आमचा विमा.”

तर त्या जमिनीचं झालं असं. राहिलेल्या अकरा गुंठ्यांच्या सातबारावर सात नावं. आज विकायला काढली तरी सात सह्या गोळा व्हायला वर्ष जायचं. साताऱ्याची नणंद फोनवर म्हणाली, “वैनी, सही देते, पण माझ्या वाट्याचं काय ते आधी बोला.” तिचं काही चुकत नव्हतं, पण मी रुग्णालयातल्या पलंगावर पडून ते ऐकत होते आणि माझा अंगठा हलत नव्हता. इमारतीवर आधीच कर्ज होतं. गावात आम्हाला कोट्यधीश म्हणतात. त्या कोट्यधीशांच्या बँकेतल्या खात्यात त्या दिवशी होते ते पैसे एमआरआयला आणि पहिल्या दोन दिवसांना पुरले.

मुदत ठेव मोडली. माझ्या पाटल्या गेल्या. त्या द्यायला यांचा हात होईना, तेव्हा मीच म्हटलं, “हात सुजलेत, तशाही चढत नाहीत.” खोटं होतं ते. पाटल्यांचं मला अजून वाईट वाटतं. इतर बायका म्हणतात की जिवापुढे सोनं काय! मला जिवाचंही वाईट वाटत होतं आणि सोन्याचंही.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. आठवतो तो नंतरचा वॉर्ड. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला स्पंज, बिनसाखरेचा चहा. कुशीवर वळायचं तर दोन नर्स मला ओंडक्यासारखं सबंधच्या सबंध वळवायच्या. शौचाला भांडं लागायचं, आणि त्याची लाज पहिले दोन दिवस वाटते. तिसऱ्या दिवशी भांडं वेळेवर आलं याचाच आनंद होतो. नव्या पेशंटनी हे लक्षात ठेवावं.

शेजारच्या पलंगावर शमीमभाभी होत्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या पुण्यात चामड्याच्या पिशव्या शिवणारं, आणि भाभी स्वतः वीस वर्षं मशीनवर बसलेल्या. मी मराठी जपून बोलायला लागले तर म्हणाल्या, “अहो, नीट बोला. मला तुमच्यापेक्षा बरं येतं.” त्यांचं मशीन दोन वर्षं बंद होतं. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं होतं, दुकानाची पुढची बाजू त्यांनी मोबाईलवाल्याला दिली होती.

“रुग्णालयाचं बिल निदान हातात तरी देतात,” त्या म्हणायच्या. “दोन वर्षं बसून राहिले, त्याचं बिल कोण देणार? ते आपलं आपणच काढायचं.”

चौथ्या दिवशी मला उभं केलं. पंजा थोडा उचलला गेला. थोडाच, बोटभर. वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ढसाढसा रडले. तेवढ्यात डॉक्टरांनी सांगितलं की वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि जिना निदान तीन महिने नाही. त्यानंतरही दिवसातून एखाददुसऱ्या वेळी.

शमीमभाभींनी विचारलं, “घर कितव्या मजल्यावर तुमचं?”

“चौथ्या.”

“लिफ्ट असेल ना?”

मी छताकडे बघत राहिले. भाभींना समजलं असावं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “काय हवं ते घरी तोंडाने सांगा हं. एमआरआयमध्ये मनातलं येत नाही.”

बिबवेवाडी

पूजाचं सासर बिबवेवाडीत. जावयांचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान आहे, घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट. रुग्णालयातून मला तिथेच नेलं. आमच्यात लेकीच्या घरी फार दिवस राहत नाहीत. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक, त्यापुढे लोक विचारायला लागतात. दोन आठवड्यांनी गावातून फोन यायला लागले, “अजून तिथंच का?” आवाजात काळजी होती, पण नुसती काळजी नव्हती.

मी हॉलमध्ये पलंगावर पडून असायचे. पूजा नोकरी करून माझं सगळं करायची, अंघोळीला बसवायची, पायाचे व्यायाम करून घ्यायची. एकदा मी उशीखालून पैसे काढून भाजीसाठी पुढे केले. ती भडकली. “आई, तू इथे पेइंग गेस्ट नाहीयेस!” मग दोघी रडलो. त्यानंतर मी पैसे काढले नाहीत, पण भाजी काय भावाने आणली ते विचारायचं काही सुटलं नाही.

हे रविवारी यायचे. सहा-सहा महिन्यांचं राहून गेलेलं बोलावं तसं सगळ्या गावाचं बोलायचे. मुलींच्या खोल्यांना आता दोन कामवाल्या ठेवल्या होत्या, चादरी लाँड्रीत जात होत्या. महिन्याचा तो खर्च यांनी सांगितला तेव्हा मी मनात मांडणी केली. लिफ्टच्या जागेतल्या तिन्ही खोल्यांचं भाडं त्यात जात होतं, वर थोडे पदरचे. म्हणजे इतकी वर्षं त्या खोल्या मी फुकट मिळवल्या असं समजत होते, त्या मी स्वतःच्या मणक्यातून काढून देत होते. हे कळल्यावर मी पूजाला यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे सगळं बोलायचे, फक्त मला घरी न्यायचं बोलायचे नाहीत. पाचव्या रविवारी नाही, सहाव्या रविवारी नाही. मी कॉटवरून दारापर्यंत चालायला लागले, लिफ्टने खाली जाऊन फाटकापर्यंत जायला लागले, तरी नाही. मला वाटायला लागलं, यांनी मनातून ठरवलं असेल की ही इथेच बरी. आणि ठरवलं असेल तर त्यात चूक काय? चार जिने मला चढता येणार नव्हते. एकदा चढले असते तर परत कधी उतरले नसते. तळमजला मागावा, तर त्यावर हप्ता उभा होता. तो तिथे मीच उभा केला होता. आयुष्यभर ज्या बाईने घरात एक दिवा जास्त जळू दिला नाही, तिने कोणत्या तोंडाने म्हणायचं की माझ्यासाठी महिन्याचं एवढं भाडं सोडा? रुग्णालयात भांडं मागताना लाज वाटली नव्हती तितकी मला हे मागायची वाटत होती.

आठवा रविवार

त्या दिवशी पूजा आणि जावई बाहेर गेले होते. हे केळी घेऊन आले. मला साखर आहे हे यांच्या लक्षात राहत नाही. पिशवी मांडीवर ठेवून बसले आणि गावातल्या रस्त्याच्या कामाचं सांगायला लागले.

मी मधेच म्हटलं, “अहो, मला घरी कधी नेणार?”

ते थांबले. “डॉक्टर काय म्हणलं?”

“जिना नको म्हणले.”

“मंग?” ते म्हणाले. “घर तर चौथ्या मजल्यावर हाय.”

“मला माहितीय कुठं हाय ते. मीच ठेवलं तिथं.” आता थांबले तर पुन्हा बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. “मला वर नाही राहायचं. मला खाली राहायचंय. मेसवाल्यांना दुसरी जागा बघायला सांगा. हप्त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. माझ्याकडं हिशोब नाही. पण मला माझ्या घरी यायचंय, आणि माझ्या पायानं आत यायचंय.”

यांनी केळ्यांची पिशवी खाली ठेवली.

“त्यांस्नी जाऊन तीन आठवडं झालं,” ते म्हणाले.

“कोणाला?”

“मेसवाल्यांला. पलीकडच्या गल्लीत जागा घेऊन दिली मी. भिंती लई तेलकट झाल्या होत्या, रंग दिलाय. देव खाली आणलेत. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतलाय. बँकेत जाऊन आलो, हप्ता लहान करून घेतला. सहा वर्षं वाढली फेडायची. वाढू देत.”

सहा वर्षांचं व्याज किती होईल ते माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. ते थांबवायचा मी प्रयत्न केला.

“तीन आठवडं? आन मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं,” हे म्हणाले, “तर तू फोन करून त्यांस्नी परत बोलावलं असतंस. म्हणलं, ती आपणहून म्हणंपर्यंत दम धरू.”

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. बोलावलं असतं मी.